गोल्फची ग्रिप आणि आपली पकड: नवख्यांसाठी

मी गोल्फ खेळायला लागलो तेव्हा चाळिशी उलटली होती आणि अंगात पंचवीस वर्षांचं टेनिस बॉल क्रिकेट मुरलेलं होतं. पहिल्याच महिन्यातली गोष्ट. येरवड्याच्या कोर्सवर एका सकाळी सलग पाचवा चेंडू उजवीकडच्या झाडीत घातला. बरोबरचे, बॅग वाहणारे कॅडीमामा स्विंगबद्दल काही बोलले नाहीत. म्हणाले, “साहेब, ग्लोव्ह काढून द्या जरा.” त्यांनी तो उलटा केला आणि तळव्याकडून पाहिला. करंगळीच्या बाजूला, मनगटाच्या जरा वर, आठ आण्याच्या नाण्याएवढं भोक पडलं होतं. मग त्यांनी माझ्या सात नंबरच्या आयर्नच्या (लोखंडी डोक्याच्या काठीच्या) ग्रिपवर अंगठा घासला. अंगठा सर्रकन घसरला.

“गुळगुळीत झालंय हे. हातात राहत नाही म्हणून तुम्ही आवळताय, आणि आवळताय म्हणून चेंडू तिकडं जातोय.”

ग्रिप घसरली की मूठ आवळते. मूठ आवळली की मनगट, कोपर, खांदा सगळं ताठ होतं आणि क्लबचं तोंड, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू, वेळेवर सरळ होत नाही. नवखा माणूस मग यूट्यूबवर स्विंगचे व्हिडिओ बघत बसतो, नवा ड्रायव्हर (लांब मारायचा मोठा क्लब) घेतो, आणि ज्या एकाच जागी क्लब आपल्याला टेकतो ती जागा तशीच राहते.

शब्दांचं आधी एक सांगतो. इंग्रजीत दांड्यावरच्या रबरालाही ग्रिप म्हणतात आणि हाताने धरण्यालाही ग्रिपच. त्यामुळे शिकवणारा ‘युअर ग्रिप इज बॅड’ म्हणाला की रबर खराब आहे की हात, हे कळायला वेळ लागतो. मराठीत आपल्याकडे दोन शब्द आहेत, ते वापरू. दांड्यावरची ती ग्रिप, आणि हाताची ती पकड. आणि क्लब म्हणजे खेळायची काठी. घरचे तिला काठीच म्हणतात, आपण रागावून उपयोग नाही.

बॅगेत आहे ते आधी बघा

बहुतेकांची सुरुवात जुन्या सेटवर होते. कुणा मामेसासऱ्यांचा, साहेबांचा, नाहीतर ऑनलाइन घेतलेला. क्लबच्या डोक्यावर ओरखडे असले तरी बिघडत नाही. ग्रिप मात्र तीन वर्षं बाल्कनीत ऊन खात पडलेल्या असतात. एकेक हातात घेऊन तीन गोष्टी बघा. नख दाबलं तर रबर किंचित दबतं का, की प्लॅस्टिकच्या पाइपासारखं टणक लागतं? जिथे अंगठा बसतो तिथे खळगा किंवा चकाकी आली आहे का? आणि एका हाताने शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, धरून दुसऱ्या हाताने ग्रिप पिळली तर ती शाफ्टवर फिरते का? फिरत असेल तर आतली टेप सुटली आहे, त्या क्लबने खेळू नका. चिरा पडल्या असतील तर विचार करायचंच कारण नाही.

चकाकी मात्र फसवी असते. निम्म्या वेळा ती झीज नसते, मळ असतो. घाम, सनस्क्रीन, धूळ आणि हाताचं तेल यांचं एक पातळ पुटच रबरावर बसतं. म्हणून पैसे खर्च करण्याआधी धुवा.

बादलीत कोमट पाणी घ्या, भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाका. जुना मऊ टूथब्रश घ्या, आणि ग्रिप वरून खाली, मग गोल अशी घासा. पाणी काळपट होईल, दचकू नका. क्लब उलटा करून बादलीत बुडवून मात्र ठेवू नका. ग्रिपच्या टोकाला बारीक भोक असतं, त्यातून पाणी शाफ्टच्या आत जातं आणि स्टीलचा शाफ्ट आतून गंजू शकतो. नंतर ओल्या फडक्याने साबण काढा, टॉवेलने पुसा आणि सावलीत, पंख्याखाली वाळवा. उन्हात नको. थिनर, स्पिरिट, पेट्रोल यांनी पुसायचा मोह टाळा. मऊपणा यावा म्हणून खोबरेल लावणारे एक गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांच्या क्लबचा पुढचा प्रवास चेंडूपेक्षा लांबचा झाला.

धुऊन, वाळवूनही रबरी ग्रिप गुळगुळीत वाटली तर अगदी बारीक पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवून बघा. वरचा मेलेला थर निघतो आणि काही महिने निघून जातात. मऊ, गुंडाळलेल्या पट्टीसारख्या दिसणाऱ्या ग्रिपवर हा प्रयोग करू नका, ती फाटते.

आठवड्यातून एकदा खेळत असाल तर महिन्यातून एक धुणं पुरतं. एप्रिल-मेमध्ये दोनदा. सगळ्यात वाईट जागा म्हणजे गाडीची डिकी. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत रबर भाजून निघतं, आणि ग्रिपखालची टेपही सैल होते. ‘कशाला वर न्यायचं, परवा खेळायचंच आहे’ हा विचार फार महागात पडतो. बॅग घरात आणा.

पावसाळ्याचं तंत्र वेगळं. एक टॉवेल बॅगेला लटकवला की दहा मिनिटांत तो पोछा होतो. म्हणून दुसरा कोरडा टॉवेल छत्रीच्या आतल्या तारेला अडकवा. छत्री उघडली की टॉवेल डोक्याशी, कोरडाच. प्रत्येक फटक्याआधी आधी ग्रिप, मग हात पुसा. घरी आल्यावर सगळे क्लब बॅगेतून काढून भिंतीला टेकवून ठेवा, नाहीतर दोन दिवसांत बॅगेला कुबट वास येतो आणि ग्रिपवर पांढरी बुरशी धरते.

बदलायच्या कधी? बनवणारे सांगतात वर्षातून एकदा, किंवा चाळीसेक राउंडांनंतर (राउंड म्हणजे कोर्सवरचा एक पूर्ण डाव). त्यांना विकायच्या असतात हे खरं, पण सांगतात तेही अगदी खोटं नाही. माझ्या मते सगळ्या एकदम बदलायची गरज नसते. नियमाप्रमाणे राउंडमध्ये चौदापर्यंत क्लब नेता येतात, पण नवखा त्यातले सात-आठच वापरतो. सरावाच्या रेंजवर सात नंबर आयर्न आणि सँड वेज (वाळूतून चेंडू काढायचा क्लब) यांची ग्रिप सगळ्यात आधी जाते. तीन नंबर आयर्नची वर्षानुवर्षं कोरी असते, कारण तो कुणालाच लागत नाही.

जाडी

ग्रिप निवडताना लोक आधी रंग बघतात. जाडी आधी बघा.

दुकानात साधारण चार मापं मिळतात: बारीक किंवा लेडीज, स्टँडर्ड, मिडसाइज आणि जंबो. पुरुषांची स्टँडर्ड ग्रिप वरच्या टोकापासून दोन इंचांवर मोजली तर सुमारे ०.९ इंच, म्हणजे २३ मिलिमीटरच्या आसपास भरते. मिडसाइज त्याहून १/१६ इंच जाड, जंबो १/८ इंच. ऐकायला हा फरक किरकोळ वाटतो, पण दीड मिलिमीटर मुठीला लगेच कळतो.

घरच्या घरी तपासायची सोपी पद्धत: डाव्या हाताने (डावखुऱ्यांनी या लेखातले डावे-उजवे उलटे वाचावेत) क्लब नेहमीसारखा धरा आणि मूठ उलटी करून बघा. मधलं बोट आणि अनामिका यांची टोकं अंगठ्याखालच्या गादीला जेमतेम टेकायला हवीत. नखं गादीत रुतत असतील तर ग्रिप बारीक आहे. बोटं आणि गादी यांच्यात फट दिसत असेल तर जाड आहे. ग्लोव्हच्या मापावरूनही अंदाज येतो. मीडियम किंवा लार्ज ग्लोव्ह घालणाऱ्याला बहुधा स्टँडर्ड बसते, एक्स्ट्रा लार्जवाल्याने मिडसाइज हातात घेऊन बघावी, स्मॉलवाल्याने बारीक.

बारीक ग्रिपने चेंडू डावीकडे वळतो आणि जाडीने उजवीकडे, असं सर्रास सांगतात. त्यात तथ्य असेल, पण आपल्यासारख्यांचा चेंडू इतक्या वेगवेगळ्या कारणांनी वळतो की त्यावरून जाडी ठरवू नये. खरा त्रास आवळण्याचा आहे. ग्रिप फार बारीक असली तरी माणूस आवळतो, आणि फार जाड असली तरी बोटं पुरत नाहीत म्हणून आवळतो. जी हातात घेतल्यावर मूठ आपोआप सैल राहते ती तुमची. बोटांचे सांधे दुखत असतील, संधिवात असेल, तर जरा जाड आणि मऊ ग्रिपने मोठा आराम पडतो. वडिलांना सेट देताना हे लक्षात ठेवा. पोरांच्या हातात मात्र मोठ्यांचा क्लब आखूड करून देऊ नका, ती ग्रिप त्यांच्या मुठीत मावत नाही आणि ती कायमची तळहाताने धरायला शिकतात.

पाकिटावर ‘एम ६० आर’ किंवा ‘एम ५८ आर’ असं लिहिलेलं असतं, त्याला घाबरू नका. एम म्हणजे पुरुषांची, ६० म्हणजे आतला व्यास ०.६०० इंच, आर म्हणजे आतून पूर्ण गोल. हा आकडा तुमच्या शाफ्टच्या वरच्या टोकाच्या जाडीशी जुळायला हवा. ०.६००च्या शाफ्टवर ५८ची ग्रिप चढवली तर ती ताणली जाऊन थोडी जाड बसते. काही जण मुद्दाम तसं करतात.

गोल नसलेल्या ग्रिपला आतून एक उंचवटा असतो, त्याला रिब म्हणतात. ती शाफ्टच्या मागच्या बाजूला येते आणि बोटांना क्लब सरळ आहे की नाही ते न बघता कळतं. नवख्याला ही खूण फार उपयोगी. पण ड्रायव्हर डोकं फिरवून ॲडजस्ट करण्यातला असेल तर त्यावर गोलच घ्या. डोक्याचं सेटिंग बदललं की शाफ्ट फिरतो, आणि रिब भलत्याच जागी येते.

वजनाचंही एक आहे. साधी ग्रिप ५० ग्रॅमच्या आसपास असते. ती चार-पाच ग्रॅमने वाढली तरी क्लबचं डोकं हलकं झाल्यासारखं वाटतं. सगळ्या क्लबना एकाच जातीच्या ग्रिप बसवा, म्हणजे हा घोळ होत नाही.

रबर, कॉर्ड की मऊ

पूर्वी दांड्यावर चामड्याची पट्टी गुंडाळत. ओढून चढवायची रबरी ग्रिप रुळली ती गेल्या शतकाच्या मध्यानंतर. ‘गोल्फ प्राइड’ ही कंपनी सुरू झाली १९४९ साली. आज तिची ‘टूर व्हेल्व्हेट’ ही काळी, साधी रबरी ग्रिप इतक्या बॅगांत दिसते की दुकानात गोंधळलात तर तीच घ्या, चुकणार नाही.

रबर ऊन, घाम, धूळ सगळं सोसतं आणि स्वस्तही असतं. कॉर्ड म्हणजे रबरात सुती दोरा विणलेला, हाताला खरखरीत. मुंबईत, चेंबूरच्या किंवा कुलाब्याच्या दमट हवेत ज्याच्या तळव्यातून नळ वाहतो, त्याला कॉर्डशिवाय तरणोपाय नाही. पण उजव्या हाताला ग्लोव्ह नसतो, आणि महिन्यातून दोनदा खेळणाऱ्याच्या मऊ बोटांना कॉर्ड सोलून काढते. मधला मार्ग म्हणून वरचा अर्धा भाग कॉर्डचा आणि खालचा रबराचा अशी ग्रिप मिळते: ग्लोव्हच्या हाताखाली खरखरीत, उघड्या हाताखाली मऊ. घाम येणाऱ्या नवख्याला मी हीच सुचवेन. तिसरी जात पॉलियुरेथेनची, स्पंजासारखी मऊ. दुकानात हातात घेतल्यावर हीच सगळ्यात छान वाटते. दुखऱ्या हातांना ती उत्तम, पण लवकर झिजते, आणि फार मऊ ग्रिप स्विंगमध्ये हातात पिळल्यासारखी होते.

बोटांसाठी खाचा पाडलेली, हात कुठे ठेवायचा ते दाखवणारी शिकाऊ ग्रिप सरावाला चालते. स्पर्धेत आणि हँडिकॅपच्या (खेळाडूची पातळी दाखवणाऱ्या आकड्याच्या) राउंडमध्ये नाही. नियमानुसार पटर (चेंडू हलकेच भोकात घालायचा क्लब) सोडून बाकी क्लबची ग्रिप गोलच हवी, बोटांच्या आकाराची चालत नाही. रिबला मुभा आहे.

स्वतः बसवायची असेल तर

कोर्सवरच्या दुकानात बसवून मिळते आणि पहिल्यांदा तेच करा. समोर उभं राहून बघा. पण पुढे घरी करायला काही अवघड नाही. बॅटची ग्रिप शंकूच्या आकाराच्या कोनावर चढवून खाली गुंडाळत आणणाऱ्यांना तर यात गंमतच वाटेल.

लागतं काय? आकडी पात्याचा कटर, दोन इंच रुंद पातळ डबल साइड टेप, रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन, एक ट्रे आणि शक्य असेल तर बाक (वस्तू घट्ट आवळून धरायचा व्हाइस). टेप कागदी, पातळच हवी. स्टेशनरीच्या दुकानात फोटो चिकटवायची जाड फोमची टेप देतात, ती इथे कामाची नाही. बाकात शाफ्ट नुसता आवळू नका, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. ग्राफाइटचा शाफ्ट असेल तर बाक अगदी हलका, नाहीतर शाफ्टला चीर जाते.

१. कटर शरीरापासून दूर, वरच्या टोकाकडे ओढत जुनी ग्रिप उभी चिरा आणि सोलून काढा. ग्राफाइटवर पातं खोल रुतवू नका.

२. जुनी टेप खरवडून काढा. निघत नसेल तर हेअर ड्रायरने गरम करा. हे काम कंटाळवाणं आहे आणि इथेच माणूस घाई करतो. जुन्या टेपचा एक गोळा राहिला तर तो नव्या ग्रिपखाली कायम बोटाला जाणवतो.

३. जाडी वाढवायची असेल तर आता साध्या मास्किंग टेपचे थर द्या. एका थराने व्यास पाव मिलिमीटरच्या आसपास वाढतो.

४. डबल साइड टेप उभी लावा. ग्रिपच्या लांबीची, आणि वर अर्धा इंच जास्त. तो जास्तीचा भाग पिळून शाफ्टच्या तोंडात खुपसा.

५. ग्रिपच्या टोकाचं भोक टीने (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीने) किंवा बोटाने बंद करा. आत टर्पेंटाइन ओता, दुसरं तोंड दाबून खुळखुळवा, आणि तेच टर्पेंटाइन टेपवर सगळीकडून ओता. खाली ट्रे हवा.

६. ग्रिपचं तोंड शाफ्टवर अडकवा आणि एका दमात शेवटपर्यंत ढकला. टोक शाफ्टच्या टोकाला टेकल्याचं हाताला कळतं.

७. आता अर्धा मिनिट तुमचं. क्लबचं तोंड सरळ धरून ग्रिपवरची मधली खूण त्या तोंडाच्या खालच्या कडेशी जुळवा. मग हात लावू नका.

माझी पहिली ग्रिप पाचव्या पायरीवर गेली. भोक बंद करायचं विसरलो, निम्मं टर्पेंटाइन पँटवर सांडलं. उरलं त्यात भागेल म्हणून ढकलायला गेलो, तर ग्रिप अर्ध्यावर अडकली. ना पुढे, ना मागे. दहा मिनिटं झटापट करून शेवटी नवी कोरी ग्रिप कापून काढावी लागली. तेव्हापासून टर्पेंटाइनची कंजुषी करत नाही. खिडक्या उघड्या ठेवा, स्वयंपाकघरात तर करूच नका, जवळ पेटता गॅस किंवा उदबत्ती नको. पेट्रोलने लवकर वाळतं म्हणून ते वापरणारे आहेत. तुम्ही त्यातले होऊ नका. टर्पेंटाइन सावकाश उडतं, पूर्ण दिवस जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पिळून बघा, हलली नाही तर कोर्सवर न्या.

पकड

बॅट धरणाऱ्याला बॅटचा अंडाकृती दांडा सांगतो की हात कुठे बसवायचा. गोल्फची ग्रिप गोल, ती काही सांगत नाही. शिवाय क्रिकेटमधून आलेला माणूस खालच्या हाताने जोर लावतो आणि दांडा तळहातात घेतो. इथे तो बोटांत घ्यायचा असतो. सगळी मेख एवढीच आहे, पण हाताला ती पटायला दोन महिने लागतात.

सात नंबर आयर्न घ्या. क्लबचं डोकं जमिनीवर टेकवा, खालची कड तुम्हाला मारायचं त्या दिशेशी काटकोनात. डावा हात नुसता खाली सोडा. तो कुठे वळतो ते बघा, तळहात मांडीकडे आणि किंचित मागे वळलेला असतो. तसाच तो क्लबवर न्या. ग्रिप करंगळीच्या मुळापासून तिरपी येऊन तर्जनीच्या मधल्या पेरावर गेली पाहिजे. वर अर्धा-पाऊण इंच टोक मोकळं सोडा. बोटं मिटा. तळहाताची करंगळीकडची जाड गादी ग्रिपच्या वर बसते, बाजूला नाही. अंगठा ग्रिपच्या मध्यापासून जरासा उजवीकडे.

आता परीक्षा. बाकीची बोटं सोडून द्या आणि फक्त वाकवलेली तर्जनी व ती गादी यांच्यावर क्लब उचला. उचलला गेला, डोकं हवेत राहिलं, तर ग्रिप बोटांत आहे. क्लब निसटला तर ती तळहातात गेली आहे, पुन्हा सुरुवात. ही एक परीक्षा मी अजूनही राउंडच्या आधी करतो.

खाली बघा. डाव्या मुठीवर बोटांच्या मुळाशी उठून दिसणारी हाडं किती दिसतात? दोन, फार तर अडीच. अंगठा आणि तर्जनी मिळून इंग्रजी व्ही होतो, त्याचं टोक हनुवटी आणि उजवा खांदा यांच्या मधे कुठेतरी रोखलेलं हवं. तीन-चार हाडं दिसत असतील तर हात उजवीकडे फार वळला आहे, त्याला स्ट्राँग पकड म्हणतात आणि तिने चेंडू डावीकडे वळतो. एकच दिसत असेल तर ती वीक, चेंडू उजवीकडे. या नावांचा जोराशी काही संबंध नाही. स्ट्राँग पकड म्हणजे घट्ट पकड समजून आमच्या बॅचमधल्या एकाने महिनाभर हात दुखवून घेतला.

मग उजवा हात. तळहात लक्ष्याकडे बघतो, जणू चेंडूला हातानेच चापट मारायची आहे. ग्रिप मधल्या दोन बोटांत. ज्योतिषी बघतो ती आयुष्यरेषा डाव्या अंगठ्यावर नेमकी बसते, अंगठा पूर्ण झाकला जातो. उजवी तर्जनी बाकीच्या बोटांपासून जराशी सुटी, बंदुकीच्या चापावर ठेवल्यासारखी. उजवा अंगठा मध्याच्या किंचित डावीकडे. वरून दाबायचा नाही.

दोन हात जोडायच्या तीन पद्धती आहेत. उजवी करंगळी डाव्या तर्जनी आणि मधल्या बोटामधल्या खाचेवर ठेवणं ही सगळ्यात रूढ पद्धत. जर्सी बेटाच्या हॅरी व्हार्डन यांच्या नावाने ती ओळखली जाते. १८९६ ते १९१४ या काळात त्यांनी ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली आणि जगाने त्यांची करंगळी उचलली, जरी तशी पकड त्यांच्याआधी स्कॉटलंडचे जॉनी लेडले धरत होते. दुसरी, करंगळी आणि डावी तर्जनी एकमेकांत गुंतवायची. जॅक निकलॉस आणि टायगर वूड्स या दोन्ही दिग्गज गोल्फरांची हीच. निकलॉस यांचे हात लहान होते, आणि लहान हातांना, बायकांना, पोरांना ही बहुधा सोयीची पडते. तिसरी, दहाही बोटं ग्रिपवर, पण दोन हातांत फट न ठेवता. क्रिकेटवाल्याला ही घरच्यासारखी वाटते आणि म्हणूनच त्याने ती पहिल्या दिवशी निवडू नये असं माझं मत. हात वेगवेगळे चालायची जुनी सवय तिच्यात लपून राहते. ज्यांच्या हातात जोर कमी, त्यांनी मात्र खुशाल निवडावी.

किती घट्ट? दहापैकी चार. पण आकड्याने हाताला कळत नाही. गणपतीच्या दिवसांत लक्ष्मी रोडवर पाच वर्षांच्या पोराचा हात आपण जसा धरतो, तसं. सुटणार नाही, आणि त्याला दुखणारही नाही. डाव्या हाताची शेवटची तीन बोटं आणि उजव्याची मधली दोन थोडी जबाबदार, बाकीची नुसती सोबतीला. घरच्या कुणाला तरी क्लबचं डोकं धरून ओढायला सांगा: थोडा विरोध होऊन क्लब सरकला पाहिजे. तुम्हीच पुढे ओढले गेलात तर आवळताय. दुसरी खूण मनगट ते कोपर या भागात. तिथल्या शिरा ताणलेल्या दिसत असतील तर खांदेही ताठ झालेत. कोपराच्या आतल्या बाजूचं जे दुखणं गोल्फरांच्याच नावाने ओळखलं जातं, त्याला अशी आवळलेली मूठही हातभार लावते.

आणि मुख्य म्हणजे सुरुवातीला चार असेल तर शेवटीही चारच राहू द्या. बहुतेक जण छान सैल धरतात आणि वरून खाली येताना, जोर लावायच्या क्षणी, नऊवर जातात. उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा: रोज रात्री बातम्या बघताना पाच मिनिटं क्लब धरायचा, सोडायचा, पुन्हा धरायचा. वीस वेळा. चेंडू नाही, स्विंग नाही, आणि झुंबर असेल तर उचलायचाही नाही. पहिले पंधरा दिवस चेंडू आधीपेक्षा वाईट जातील. त्या पंधरा दिवसांतच माणसं जुन्या पकडीवर परत जातात.

पटरचं सगळं निराळं. त्याची ग्रिप पुढून चपटी असते, दोन्ही अंगठे त्या चपट्या भागावर सरळ ठेवायचे. इथे दांडा तळहातात घेतलेला चालतो, उलट बरा, कारण मनगट हलायला नको असतं. डावी तर्जनी उजव्या बोटांवर ठेवणारे जास्त, डावा हात खाली घेणारेही पुष्कळ. जे आवडेल ते करा. फक्त पटर पोटाला किंवा छातीला टेकवून रोवू नका, २०१६पासून तसा फटका नियमाने बंद आहे.

ग्लोव्ह वाचायला शिका

उजव्या हाताने खेळणारा डाव्या हातात ग्लोव्ह घालतो. तो कातडीसारखा बसायला हवा, बोटांच्या टोकाला जागा उरली तर एक माप लहान घ्या. दोन ठेवा आणि आलटून पालटून वापरा, म्हणजे एक वाळत राहतो. घामाने भिजलेला ग्लोव्ह चुरगळून खिशात कोंबला की वाळून पापडासारखा होतो. काढला की सपाट करून बॅगेच्या पट्ट्याला अडकवा. पट करताना बहुतेक जण तो काढतात.

आणि महिन्यातून एकदा, कॅडीमामांसारखा, तो उलटा करून बघा. करंगळीकडच्या गादीवर भोक पडलं असेल तर दांडा तळहातात आहे, वर गेल्यावर तिथे घासतोय. आधी ग्रिप धुवा, मग ती एका बोटावर क्लब उचलायची परीक्षा. अंगठ्याच्या पेरावर झिजला असेल तर अंगठा दाबताय, तो जरा आखडून घ्या. बोटांच्या टोकांना फाटला असेल तर ग्लोव्हच मोठा आहे. आणि सगळीकडे सारखाच, पातळ होऊन झिजला असेल, तर काही बघायचं उरलं नाही. नवा घ्या.